कृष्णविवर परत मिळणेबाबत

माणूस गेल्यावर सर्वात आधी जी वस्तू लागते ती म्हणजे त्याचा फोटो. डॉक्टरचा दाखला, पांढरं कापड, गाडी, पाहुण्यांना फोन, ही सगळी कामं त्यानंतरची. फोटो नसेल तर फ्लेक्स होत नाही, फ्लेक्स नसेल तर गावाला कळत नाही, आणि गावाला कळल्याशिवाय माणूस पूर्णपणे गेला असं धरता येत नाही. (ग्रामसेवकाकडे नोंद होते, पण ती वेगळी बाब आहे.)

माझी बायको सरजाबाई मंगळवार, दिनांक २४ जून २०२५ रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी परभणीच्या एका दवाखान्यात वारली. ती जाणार हे मला फेब्रुवारीपासून माहीत होतं; डॉक्टरांनी तसं कागद दाखवून सांगितलं होतं. त्यामुळे त्या दिवशी नव्याने जे कळलं ते तिचं जाणं नव्हे. सव्वाआठ वाजता माझा मुलगा नागसेन मोबाईल हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, आईचा फोटो न्हाई."

"बघ की नीट."

"नीटच बघायलोय. न्हाई."

अडतीस वर्षांच्या संसारात सरजाबाईचा धड एकही फोटो निघालेला नाही, हे आम्हाला त्या दिवशी सव्वाआठ वाजता कळलं.

दवाखान्यातल्या बाकावर कोणाचा तरी त्या दिवशीचा पेपर पडला होता. त्यात जगातल्या सर्वात मोठ्या कॅमेऱ्याने काढलेले पहिले फोटो आले होते. हा कॅमेरा लहान मोटारीएवढा आहे आणि चिली नावाच्या देशात एका डोंगरावर दुर्बिणीला बसवलेला आहे. दहा-एक तासांच्या पाहणीत त्याने दोन हजार एकशे चार नवे लघुग्रह शोधून काढले. ते त्याआधी कोणाच्या नजरेस पडले नव्हते. मी पेपरची घडी केली आणि पिशवीत ठेवली. पिशवीत तिचे कपडे होते.

निरीक्षणाची सवय आमच्या घरात नव्हती असं मात्र कोणी म्हणू नये. मी एकतीस वर्षं येलदरी धरणावर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहिण्याच्या कामावर होतो. रोज सकाळी आठ वाजता, सुट्टी नाही. अमुक साली अमुक तारखेला धरणात किती पाणी होतं हे मी आजही पुष्कळसं तोंडी सांगू शकतो. निरीक्षण चोख होतं. रोख चुकला.

नागसेनच्या मोबाईलची तपासणी मी स्वतः हाती घेतली. एकूण फोटो सात हजार तीनशे निघाले. त्यात फुलांसह सकाळच्या शुभेच्छा दोन हजारांवर. माझी नात पिंकी हसताना, रडताना आणि झोपेत, मिळून नऊशे. नागसेन मोटारसायकलसह सहाशे. मोटारसायकल एकटीच, एकशे चाळीस. जेवणाची ताटं तीनशे बारा (ती कोणी वाढली हे फोटोत येत नाही). चंद्राचे सत्तावन्न, सगळे एका पांढऱ्या ठिपक्याचे. आणि सरजाबाई असल्याचा संशय घेता येईल असे नऊ.

या नऊंपैकी दोनांत पदर आहे. एकात कोपर आहे. तीनांत पाठ आहे, आणि पाठ तिचीच आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नागसेनच्या लग्नाच्या फोटोत ती पूर्ण उभी आहे, पण तिच्यासमोर तिचा भाऊ उभा आहे. बाकी दोनांवर एकमत झालं नाही.

दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शास्त्रज्ञ साधारण याच पद्धतीने ओळखतात. ग्रह दिसत नाही. ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, तेवढ्यावरून समोरून काहीतरी गेलं असं धरतात, पुन्हा पुन्हा तपासतात आणि नाव देऊन यादीत घालतात. असे ग्रह आता सहा हजारांच्या घरात गेले आहेत. या पद्धतीने सरजाबाई सहज सिद्ध होते. मागच्या भीमजयंतीचा फोटो घ्या. ओट्यावर अकरा माणसं बसली आहेत, प्रत्येकाच्या हातात चहाचा कप आहे आणि कपातून वाफ निघते आहे. म्हणजे चार मिनिटांपूर्वी आत कोणीतरी चहा गाळलेला आहे. हा पुरावा कोणत्याही संशोधन संस्थेला पटावा. भिंतीवर मात्र तो लावता येत नाही.

फोटो का निघाला नाही याचंही कारण आहे. कोणी मोबाईल वर केला की ती तोंड फिरवायची आणि म्हणायची, "माजं काय बगायचं त्यात? सरका, भाकर करपायलीय." आम्ही सरकायचो. भाकर करपू नये याबाबत घरात सगळ्यांचं एकमत होतं.

उरला आधार कार्डावरचा फोटो. आधार कार्डावरचा फोटो हा माणूस ओळखू यावा म्हणून काढलेला असतो, आणि तो ज्याचा आहे त्याला सोडून बाकी कोणालाही लागू पडतो. तो घेऊन आम्ही झरीच्या फाट्यावर सांबप्पाच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. सांबप्पाकडे नमुने ठरलेले आहेत. वाढदिवस असेल तर मागे सिंह. कोणाची निवड झाली असेल तर मागे संसद. श्रद्धांजली असेल तर मागे आकाशगंगा. ही आकाशगंगा ज्या दुर्बिणीने टिपली ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याकडे पाठ करून, मोठ्या पडद्याच्या सावलीत बसलेली आहे. विश्वाच्या सुरुवातीचा उजेड पकडावा म्हणून तिला तिथे ठेवलं. आमच्या जिल्ह्यात तिचा मुख्य उपयोग श्रद्धांजलीसाठी होतो, हे तिच्या चालकांना कोणीतरी कळवायला हवं.

सांबप्पाने आधारचा फोटो मोठा केला आणि मान हलवली.

"काका, फाटायलाय. हे बगा, नाकाच्या जागी तीन चौकोन आलेत."

"मग?"

"मशीनला सांगतो की. आता मशीनच तोंड करून देतंय. वय काय मावशीचं?"

"एकसष्ट."

"पंचेचाळीस टाकतो. बरं दिसंल."

मशीनने अर्ध्या मिनिटात तोंड केलं. पडद्यावर एक गोरी, भरल्या गालांची बाई आली. कानात झुंबर. तोंडभर हसत होती आणि दात सगळे जागेवर होते. सरजाबाईने जन्मात झुंबर घातलं नाही. दातांविषयी मी बोलत नाही.

"ही न्हाई," मी म्हणालो.

"काका, तुमी मागचं बगा," सांबप्पाने आकाशगंगेवर बोट ठेवलं. "ही तरी अशी हाय का? ती दुर्बीण फोटो काढती तवा डोळ्याला दिसण्यासारखं काईच नसतंय. मग मानसं बसतेत आन् ठरवतेत, ह्याला लाल द्या, त्याला निळा द्या. दुनिया म्हणतीय का, ही न्हाई म्हणून?"

मी नंतर शाळेतल्या शिवप्रकाश सरांना विचारून खात्री केली. सांबप्पा खरं बोलत होता. ती दुर्बीण आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड पकडते आणि रंग मागून भरतात. त्यात लबाडी नसते, नियमाने भरतात. सरजाबाईचे रंग कोणत्या नियमाने भरले ते सांबप्पाला सांगता आलं नाही.

फ्लेक्स चौकात लागला. सरजाबाईची सख्खी धाकटी बहीण मनकर्णा पोखर्णीहून आली. चौकात उतरली, फ्लेक्सला हात जोडले, घरी आली, बसली, रडली, आणि पाणी प्यायल्यावर मला म्हणाली, "दाजी, गावात आजून कुणी गेलं का हो? त्या चौकात कोण गोरी बाई लावलीय?"

भेटायला आलेल्यांपैकी अंदाजे निम्म्या लोकांनी सरजाबाई आता तारा झाली असं सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात आत्मा मानत नाहीत, त्यामुळे तारा होण्याची सोय नाही. तरी सांगणारे भल्या मनाने सांगत होते म्हणून मी आकडे तपासले. आजवर जन्मून मेलेली माणसं साधारण अकरा हजार कोटी असावीत असा अंदाज आहे. आपल्या एकट्या आकाशगंगेत तारे दहा हजार कोटींपासून चाळीस हजार कोटींपर्यंत सांगतात. म्हणजे टंचाई फारशी नाही, प्रत्येकी एक देता येईल. अडचण एवढीच की कोणाला कोणता दिला याची यादी कुठेच लावलेली नाही, आणि हरकती मागवलेल्या नाहीत.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं. खरा प्रश्न पिंकीमुळे उभा राहिला.

पिंकी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. आजीच्या हाताखालीच वाढली. आमच्यात मयतामागे करतात त्या जलदान विधीच्या दिवशी तिने फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांनी शाळेत घरच्या माणसांविषयी दोन ओळी लिहायला सांगितल्या. तिने लिहिलं: "माझी आजी गोरी होती. ती कानात झुंबर घालत होती." बाईंनी बरोबरची खूण केली होती.

सहा वर्षांच्या लेकराच्या डोक्यात चेहरा किती दिवस राहतो याची मी चार ठिकाणी चौकशी केली. फार दिवस राहत नाही असं सर्वांनी सांगितलं. सरजाबाईला पाहिलेल्यांत पिंकी सर्वात लहान. आमच्यानंतर तीच राहणार. ती साक्षीदार महिन्याभरात फुटली. तिने पुरतं विसरण्याआधी खऱ्या आजीचा काहीतरी खरा फोटो तिच्यासमोर ठेवावा, एवढीच माझी मागणी होती. ती मी कोणाकडे केली नव्हती, कारण कोणत्या खात्याकडे करायची ते कळत नव्हतं.

ऑगस्टमध्ये वरून शाळेला एक पत्र आलं. तेवीस ऑगस्टला आपलं यान चंद्रावर उतरलं, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी प्रत्येक शाळेने अवकाशविषयक प्रदर्शन भरवावं, त्यात "दुर्बिणीतून घेतलेली किमान दहा रंगीत छायाचित्रे" असावीत, ती "स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्यावीत." शिवप्रकाश सरांनी जुन्या पेपरांतून सहा जमवली. चंद्रावरच्या यानाचं मिळालं. शनी मिळाला. नुकताच एक धूमकेतू आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आला होता, असा बाहेरचा पाहुणा सापडण्याची ही तिसरी वेळ. त्याचंही मिळालं, जरासं पुसट. इंटरनेटवरून बाकीची काढता आली असती, पण शाळेच्या प्रिंटरमध्ये रंग नव्हता, आणि काळ्या शाईत सगळं विश्व बुरशीसारखं दिसतं. त्याच आठवड्यात सरांना चार दिवसांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. (प्रशिक्षणाचा विषय: स्थानिक साधनांचा वापर.) जाताना त्यांनी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकला: "ज्यांच्या घरी दुर्बिणीतले फोटो असतील त्यांनी कृपया मुलांसोबत पाठवावेत."

आता दुर्बीण या शब्दाचा अर्थ आमच्याकडे एकच आहे. पोट दुखायचं थांबत नाही, गोळ्यांनी फरक पडत नाही, तेव्हा परभणीचे डॉक्टर म्हणतात, "दुर्बीण टाकून बघावं लागेल." मग उपाशीपोटी जायचं, आडवं व्हायचं, आणि डॉक्टर तोंडातून नळी घालून आत काय आहे ते बघतात. आमच्या गावात दुर्बीण झालेली माणसं मोजून अकरा आहेत. आकाशातली दुर्बीण पाहिलेलं कोणी नाही. त्यामुळे सरांचा निरोप वाचून गावाला नवल वाटलं ते एवढंच की शाळेला हे कशाला हवं आहे. पण शाळा अलीकडे बरंच काही मागते. शौचालयाचा फोटो मागते, झाडासोबतचा फोटो मागते, म्हणून कोणी जास्त विचारलं नाही.

त्या अकरांपैकी एक, सटवाजी, स्वतःच्या गुडघ्याच्या दुर्बिणीची फाईल काखेत मारून प्रशिक्षणाला निघालेल्या सरांना फाट्यावर गाठायला गेला.

"सर, गुडघा चालंल का? का पोटच पाहिजे?"

सर पोट धरून हसले, त्याला समजावलं, फाईल परत दिली आणि जीपमध्ये बसले. या प्रसंगावरून सरांनी बोध घ्यायला हवा होता. पण जीप निघाली होती.

आमच्या सूनबाईने, धम्मशीलाने, सरांचा निरोप वाचला आणि कपाटातून सासूबाईंचा रिपोर्ट काढला. फेब्रुवारीतला. त्यावर चार गोल रंगीत फोटो होते, वर नाव होतं, सरजाबाई सिताराम, स्त्री, एकसष्ट. पिंकी काहीतरी न्यायचंच म्हणून रडत होती. धम्मशीला व्यवस्थित बाई आहे. तिने चारही फोटो कात्रीने गोल कापले, पाकिटात घातले आणि पिंकीच्या दप्तरात ठेवले. मी पुढे तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मामा, नाव-गाव कशाला सगळ्या शाळेला दाखवायचं? म्हणून निस्ते फोटो दिले. सोनोग्राफी बी देणार होते, पण रंगीत पाहिजे म्हणलेते."

सर प्रशिक्षणाहून बावीस तारखेच्या संध्याकाळी परतले. टेबलावर पाकिटात चार गोल फोटो होते. गुलाबी-तांबूस, ओलसर चमक, भोवती काळोख. नाव नाही, गाव नाही. गरज चारचीच होती. सरांनी ते पाहिले, समाधान पावले आणि आपल्या सुंदर अक्षरात खाली माहिती लिहिली. ती अशी:

फलक क्रमांक सात. मंगळ: कोरडी नदीपात्रे.
फलक क्रमांक आठ. गुरूचा उपग्रह: धगधगता पृष्ठभाग.
फलक क्रमांक नऊ. तेजोमेघ: येथे नवीन तारे जन्म घेतात.
फलक क्रमांक दहा. कृष्णविवर: यात गेलेले काहीही परत येत नाही.

मी तेवीस तारखेला अकरा वाजता पिंकीचं बोट धरून प्रदर्शनाला गेलो. सातव्या फलकापाशी मला ओळखीचं वाटलं. आठव्यापाशी खात्री झाली. तो रिपोर्ट फेब्रुवारी ते जून माझ्या उशाला होता. त्यातल्या घड्यासुद्धा मला माहीत आहेत. नवव्या फलकासमोर पाहणीला आलेल्या अधिकारी बाई उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"किती सुंदर आहे हो! नवीन तारे जन्मतात म्हणे. सर, हा किती दूर असेल?"

"काही हजार प्रकाशवर्षं, मॅडम," सर म्हणाले.

त्या नेमक्या जागेवर डॉक्टरांनी मला पेनाच्या टोकाने दाखवलं होतं आणि वेगळं सांगितलं होतं.

दहाव्या फलकासमोर रांग होती. मधोमध काळं गोल भोक आणि भोवती नारंगी कडं. आठ दुर्बिणी एकत्र जोडून शास्त्रज्ञांनी खऱ्या कृष्णविवराचा जो फोटो काही वर्षांपूर्वी मिळवला, त्यापेक्षा आमचा कितीतरी स्पष्ट होता. लोक दोन-दोन मिनिटं थांबत होते. आमच्याकडे आलेला मनकर्णाचा नवरा म्हणाला, "आयला, बगितलं की गरगरायलंय." एका म्हाताऱ्या माणसाने चप्पल काढली. सरपंचांनी फलकासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.

मी हरकत घेणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण दिवसभरात चारशे बारा लोक येऊन गेल्याची शाळेकडे नोंद आहे, आणि सरजाबाईकडे इतकी माणसं इतका वेळ थांबून पाहत आहेत असं पूर्वी कधी घडलेलं नव्हतं. कोणालाही ती सरका म्हणत नव्हती. मागून धक्का आला तसा मी पुढे गेलो.

पिंकी म्हणाली, "आबा, हे मी आणलेत." तिला ते कोणाचे आहेत हे माहीत नव्हतं. मीही त्या वेळी सांगितलं नाही.

आमच्या शाळेचा तालुक्यात पहिला नंबर आला आणि फलक सात ते दहा जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी परभणीला गेले. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा मात्र मी सरांच्या घरी गेलो.

"सर, ते कृष्णविवर आमच्या घरचं हाय."

सरांनी मला खुर्ची दिली. "सितारामकाका, कृष्णविवर कुणाच्या घरचं नसतंय."

"हे हाय. सरजाबाईचं हाय. बाकीचे तीन बी."

सरांनी बोटांवर सात ते दहा मोजलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर सटवाजीचा गुडघा उगवला. ते उठले, दार लावलं, परत येऊन बसले.

"काका, आता बोलू नका. लय वर गेलंय प्रकरण. माझी नोकरी हाय, पोरांचा नंबर हाय. आन् खरं सांगू का, नववा फलक मला स्वतःला लय आवडला होता."

"माझं काई म्हणणं न्हाई सर. नंबर राहू द्या. फोटो तेवढे परत पाहिजेत."

"फ्लेक्स हाय की काकूंचा."

"तो सांबप्पाचा हाय."

सरांनी आत चहा सांगितला. त्यांच्या बायकोने, उमादेवीने, आतून चहा आणून ठेवला आणि ती परत गेली. मी मुद्दाम तिचा चेहरा नीट पाहून घेतला.

घरी नागसेन चिडला. "बाबा, ते परत आणून काय करणार? फ्रेम करून लावणार का आईचं जठर?"

मी म्हणालो, लावणार नाही. पण मशीनने न केलेलं, कोणी रंग न भरलेलं असं तिचं तेवढंच आहे. नागसेनने मोबाईल खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाला, "अर्ज करा मग."

मी अर्ज केला. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला अर्ज करता येतो. विषय: कृष्णविवर परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी नम्र विनंती की, आपल्या प्रदर्शनातील फलक क्रमांक सात ते दहा ही छायाचित्रे अर्जदाराच्या मयत पत्नीची असून, शाळेने ती सद्भावनेने लावलेली आहेत, सबब कोणावरही कारवाई न होता ती अर्जदारास परत मिळावीत. सोबत पुरावा म्हणून मूळ रिपोर्ट जोडला. त्यावर नाव होतं, वय होतं, तारीख होती, आणि चार गोल भोकं होती.

एकवीस दिवसांनी उत्तर आलं. आपण नमूद केलेलं कृष्णविवर पृथ्वीपासून साडेपाच कोटी प्रकाशवर्षं अंतरावर असून ते आपल्या कुटुंबाच्या ताब्यात असल्याचं दिसून येत नाही. सोबतचा कागद फाटका असल्याने विचारात घेता येत नाही. तसंच अवकाशातील वस्तूंवर कोणत्याही देशाला वा व्यक्तीला मालकी सांगता येत नाही, याची नोंद घ्यावी. अर्ज निकाली काढण्यात येत आहे. खाली सही होती आणि सहीखाली वाचता येणार नाही असं नाव.

उत्तर कायद्याला धरून होतं. मी त्यात दोष काढू शकलो नाही. फाटका कागद तेवढा परत मिळाला, तो फाईलला लावून ठेवला आहे.

परभणीचं प्रदर्शन नऊ दिवस चाललं. मी दोनदा जाऊन आलो. तीन डॉक्टर येऊन गेले असं तिथल्या शिपायाने सांगितलं, तिघांनीही दाद दिली. (पैकी एक दातांचे होते, एक जनावरांचे.) संपल्यावर फलक कुठे गेले याबाबत दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे ते विभागाच्या ठिकाणी पाठवले. दुसऱ्या मताप्रमाणे त्यांच्या उलट्या बाजूवर पुढच्या कार्यक्रमाचं स्वागत लिहिलं.

वाचकांपैकी काहींनी ते प्रदर्शन पाहिलं असेल. पाहिलं असल्यास दहाव्या फलकासमोर उभं राहून फोटोही काढून घेतला असेल, कारण तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काढला. तसं असेल तर सरजाबाई आपल्या मोबाईलमध्ये आहे. तो फोटो पुसू नये ही विनंती, माझ्याकडे नाही. आणि मोबाईल हातात घेतलाच आहे तर त्या दिवशी प्रदर्शनाला निघताना आपल्या हातात डबा कोणी दिला, तिचाही फोटो त्यात शोधून पाहावा. पाठ, पदर, कोपर धरू नये. समोरून पाहिजे. सापडेपर्यंत थांबायला माझी हरकत नाही.

पिंकीला मी आता तोंडी सांगतो. शाळेतून आली की ती पाटी घेऊन बसते, मी सांगतो आणि ती काढते. कपाळ झालं. नाक तीनदा पुसून चौथ्यांदा जमलं. हनुवटीवरून आमचं भांडण झालं, त्यात ती बरोबर निघाली. मला जे आठवत नव्हतं ते तिला आठवत होतं. डोळे मला अजून सांगता आलेले नाहीत. तेवढे राहिले आहेत.